खेळाकडे पाठ असलेला माणूस

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) फुटबॉल लीगचा पहिला सामना मी मामाबरोबर बघितला. मामा एका कारखान्याच्या गेटवर सुरक्षा रक्षक होता, रात्रपाळी उतरून तसाच आला होता. समोर पाटाकडील तालीम आणि दिलबहार हे संघ, दोन्ही बाजूंच्या गॅलरीत पेठाच्या पेठा उतरलेल्या. मी चेंडूवरून नजर काढत नव्हतो आणि मामा मात्र मधूनमधून मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या बंदोबस्ताकडे बघत होता. मध्येच म्हणाला, "बॉल तिकडं गेला की ह्यांच्या माना बी तिकडंच. पब्लिककडं कोण बघतंय?" गेटवर उभ्या राहणाऱ्या माणसाची नजर गेटवरच पाहिजे, एवढंच त्याला म्हणायचं होतं. तेव्हा ते मला अगदीच साधं वाटलं. पण जगात कुठंही मैदानाच्या कडेला काही विपरीत घडल्याची बातमी वाचली की मला ते वाक्य आठवतं, आणि मामानं प्रश्नाच्या मुळावरच बोट ठेवलं होतं असं वाटतं.

हे आज लिहायला बसलो ते फिलाडेल्फियातल्या एका माणसामुळे. डॉम डिसँड्रो त्याचं नाव, पण अमेरिकन फुटबॉल बघणारा प्रत्येक जण त्याला 'बिग डॉम' म्हणून ओळखतो. फिलाडेल्फिया ईगल्स या व्यावसायिक संघाचा तो सुरक्षाप्रमुख. दक्षिण फिलाडेल्फियात वाढलेला, १९९९पासून याच संघात. सामना सुरू असताना मुख्य प्रशिक्षक निक सिरियानींच्या आसपास असायचं, सामना संपला की दोन्ही संघांचे प्रशिक्षक हस्तांदोलनासाठी मैदानाच्या मधोमध येतात तेव्हा गर्दीतून त्यांना वाट करून द्यायची, आणि एरवी कुठला खेळाडू रात्री-अपरात्री अडचणीत सापडला तर त्याचा फोन उचलायचा. त्याच्याबद्दल खेळाडू ज्या आपुलकीनं बोलतात ती खोटी नाही.

३ डिसेंबर २०२३ रोजी फिलाडेल्फियाच्या लिंकन फायनान्शियल फील्डवर ईगल्सचा सामना सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सशी होता. तिसऱ्या क्वार्टरमध्ये फोर्टीनायनर्सच्या ड्रे ग्रीनलॉनं ईगल्सच्या डेव्हॉन्टा स्मिथला नियमात बसणार नाही इतक्या जोरानं आपटलं. पंचांनी फाउल दिला. हे सगळं ईगल्सच्या बाकांसमोर, रेषेला लागून घडलं. खेळाडू एकमेकांवर धावले आणि त्या गर्दीत डिसँड्रो मध्ये घुसला. त्यानं ग्रीनलॉला मागे सारायला सुरुवात केली. ग्रीनलॉनं मधल्या माणसांवरून हात लांब केला आणि तो डिसँड्रोच्या चेहऱ्यापर्यंत पोचला. पंचांनी दोघांनाही बाहेर काढलं. खेळाडूला बाहेर काढणं नेहमीचंच, पण सुरक्षाप्रमुखाला मैदानाबाहेर हाकलल्याचं त्याआधी माझ्या तरी पाहण्यात नव्हतं. आणि तो आत जाणाऱ्या बोगद्याकडे चालू लागला तेव्हा स्टेडियमनं त्याला एखाद्या विजयी वीरासारखी मानवंदना दिली.

त्या टाळ्यांनी मला अस्वस्थ केलं, आणि अजूनही करतात. त्या क्षणी फिलाडेल्फियाच्या प्रेक्षकांनी त्याला आपल्या संघाचा बारावा गडी मानलं होतं. तो सुरक्षा रक्षक आहे हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं. त्यांची चूकही नव्हती म्हणा, कारण त्याच्या अंगावर संघाचेच कपडे होते, पगार संघाचा होता, आपला खेळाडू आपटल्याचा राग त्याच्याही चेहऱ्यावर होता. भांडण सोडवायला गेलेला माणूस भांडणातला एक पक्ष होता. तो सोडवायलाच गेला होता हे मी मान्य करतो. पण दोघांच्या भांडणात मध्ये पडणाऱ्याला दोघांनीही मानलं पाहिजे ना? ग्रीनलॉनं त्याला का मानावं?

लीगनं ईगल्सला १ लाख डॉलर दंड केला आणि साखळी सामने संपेपर्यंत डिसँड्रोला साइडलाइनवर यायला बंदी घातली. त्या सामन्याआधी ईगल्स १० जिंकून १ हरले होते, तो सामना धरून पुढच्या ६ पैकी त्यांनी फक्त १ जिंकला. बिग डॉम कडेला नव्हता म्हणून संघ हरला, असं मनापासून मानणारे चाहते आहेत. ज्याच्या असण्यानसण्यानं संघाचं बळ कमीजास्त होतं असं लोकांना वाटतं, तो माणूस त्या रेषेवर तटस्थ कसा असेल?

अमेरिकेतल्या या खेळात मैदानाच्या बाहेर ६ फूट रुंद पांढरा पट्टा आखलेला असतो. प्रशिक्षक, बदली खेळाडू, बाकी माणसं, सगळ्यांनी त्याच्या मागे राहायचं. नियम अगदी सोपा. पण त्या पट्ट्याचा इतिहास बघा. डिसेंबर २०१०मध्ये न्यूयॉर्क जेट्सचा व्यायाम प्रशिक्षक साल अलोसी यानं पट्ट्याच्या काठावर माणसांची भिंत उभी केली आणि धावत आलेल्या मायामीच्या नोलन कॅरलला गुडघा लावून पाडलं. जेट्सला दंड, १ लाख डॉलर. नोव्हेंबर २०१३मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सचे मुख्य प्रशिक्षक माइक टॉमलिन मोठ्या पडद्याकडे बघत त्या पट्ट्यावर आले, चेंडू घेऊन पळणारा बाल्टिमोरचा जकोबी जोन्स त्यांना चुकवायला गेला आणि पकडला गेला. टॉमलिनना दंड, पुन्हा १ लाख डॉलर. यात कुणी मुद्दाम केलं, कुणी नकळत केलं, कुणी भल्या हेतूनं केलं. तिघांनाही सामन्यात काहीतरी हवं होतं, एवढं मात्र सारखं. ज्याला सामन्यात काही हवं आहे त्याला त्या पट्ट्यावर राखणीला ठेवू नये, हे माझं म्हणणं आहे आणि या लेखात मला तेवढंच सांगायचं आहे. राखणारा माणूस मैदानाचा हवा, संघाचा नको.

इथे एक भेद करतो. लॉस एंजेलिस रॅम्सचे तरुण प्रशिक्षक शॉन मॅकव्हे सामन्याच्या भरात कडेनं धावत सुटतात आणि पंचांच्या वाटेत येतात. २०१८च्या हंगामात त्यांचा व्यायाम प्रशिक्षक टेड रॅथ याचं एक कामच होतं, मॅकव्हेंच्या मागे मागे पळायचं आणि वेळ आली की कमरेला धरून मागे ओढायचं. हे काम घरच्या माणसानंच करावं. भावाला भावानं आवरावं तसं ते आहे. तिथं समोरच्याच्या अंगाला हात लावण्याचा प्रश्नच येत नाही. आपल्या माणसाला आवरणं आणि दुसऱ्याच्या माणसाला अडवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसऱ्या कामाचा अधिकार पहिल्या कामातून मिळत नाही.

आता मुख्य आक्षेप. प्रशिक्षकांना धोका खरा असतो, मग त्यांनी आपला विश्वासाचा माणूस जवळ ठेवला तर काय बिघडलं? धोका खरा असतो, यात वाद नाही. नील लेनन हा उत्तर आयर्लंडमधला कॅथलिक फुटबॉलपटू. २००२मध्ये आपल्या देशाच्या संघाचं नेतृत्व करायला निघालेला असताना त्याला ठार मारण्याची धमकी आली आणि तो देशाकडून पुन्हा कधी खेळला नाही. पुढे ग्लासगोच्या सेल्टिकचा प्रशिक्षक झाला. २०११मध्ये त्याच्या नावानं टपालातून बंदुकीच्या गोळ्या आल्या, नंतर पार्सलं आली. ती फुटतील अशाच समजुतीनं पाठवली होती, आणि त्या कटाबद्दल दोघांना ५ वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी ११ मे रोजी एडिनबर्गच्या टाइनकॅसल मैदानावर तिथल्या हार्ट्स संघाविरुद्ध सामना चालू असताना एक प्रेक्षक गॅलरीतून उतरला आणि थेट लेननच्या अंगावर गेला. सगळं टीव्हीवर दिसत होतं. तरीही ज्यूरीनं धार्मिक द्वेषातून हल्ला केल्याचा आरोप सिद्ध झाला नाही असा निकाल दिला, शांतता भंग केल्याबद्दल मात्र त्या माणसाला ८ महिन्यांची शिक्षा झाली.

लेननच्या या गोष्टीत मी जिथे थांबतो ती जागा म्हणजे तो प्रेक्षक बाकांपर्यंत पोचला ते काही क्षण. पुढे काय झालं? आसपासचे स्टुअर्ड, म्हणजे मैदानाचे राखणदार, आणि पोलिस त्याच्यावर तुटून पडले, त्याला जमिनीवर दाबून धरलं. सामना पुढे चालू राहिला, सेल्टिक ३-० जिंकलं. त्या स्टुअर्डांपैकी कुणाचं नाव तुम्हाला ठाऊक आहे? मलाही नाही. ते ना हार्ट्सचे चाहते म्हणून तिथे होते ना सेल्टिकचे रक्षक म्हणून. ज्या प्रशिक्षकाला वर्षभर मारण्याच्या धमक्या येत होत्या, त्याला त्या संध्याकाळी त्याच मैदानावरच्या, प्रतिस्पर्ध्याच्या गावातल्या, कामावर असलेल्या माणसांनी वाचवलं.

रस्त्यावरचा धोका हा आणखी वेगळा विषय. २९ ऑक्टोबर २०२३ला फ्रान्समधल्या मार्सेमध्ये ऑलिंपिक लिआँ या फुटबॉल संघाच्या बसवर स्टेडियमकडे जाताना दगड पडले, काच फुटली आणि प्रशिक्षक फाबिओ ग्रोसो यांचा चेहरा रक्तबंबाळ झाला. सामना पुढे ढकलावा लागला. तिथे बिग डॉम असता तरी दगड अडला नसता. रस्ता राखणं हे पोलिसांचं काम, क्लबच्या धिप्पाड माणसाचं नव्हे. बसमध्ये, हॉटेलात, विमानतळावर संघानं आपला माणूस जरूर ठेवावा. माझा वाद त्या रेषेपुरता आहे.

आणि रेषेवरचा धोका नेमका कुठून येतो? आपण समजतो गॅलरीतून. फिलाडेल्फियातल्या प्रकाराला पुरते आठ दिवस झाले आणि ११ डिसेंबर २०२३ रोजी तुर्कस्तानात अंकारागुजू आणि रिझेस्पोर यांचा सामना झाला. अंकारागुजू १-० पुढे होता, भरपाई वेळेतल्या ९७व्या मिनिटाला रिझेस्पोरनं बरोबरी साधली. शिटी वाजली आणि अंकारागुजूचे अध्यक्ष फारुक कोजा मैदानात आले, पंच हलील उमुत मेलर यांच्या तोंडावर त्यांनी ठोसा मारला. मेलर खाली पडले तेव्हा इतरांनी त्यांना लाथा घातल्या. डोळा सुजून बंद झालेला तो चेहरा जगभर दिसला. तुर्की महासंघानं सगळ्या लीगचे सामने थांबवले, कोजांवर आजीवन बंदी घातली, आणि पुढच्या वर्षी न्यायालयानं त्यांना साडेतीन वर्षांहून अधिक तुरुंगवासाची शिक्षा सुनावली.

कोजांना कुठलं कुंपण ओलांडावं लागलं नव्हतं. ते क्लबचे मालकासारखे अध्यक्ष होते. त्यांच्यासाठी दारं उघडतात, बंद होत नाहीत. मैदानाच्या कडेला असलेला धोका पुष्कळदा गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या माणसाकडूनच येतो. ऑगस्ट २०११मध्ये स्पॅनिश सुपर कपच्या शेवटी धक्काबुक्कीत रेआल माद्रिदचे प्रशिक्षक जोजे मोरिन्यो मागून आले आणि त्यांनी बार्सिलोनाचे सहायक प्रशिक्षक टिटो विलानोव्हांच्या डोळ्यात बोट घातलं. म्हणजे ज्याला राखायचं तोच हल्लेखोर. रेआलच्या पगारावर असलेल्या रक्षकानं त्या क्षणी कुणाला वाचवायचं, आपल्या मालकाच्या प्रशिक्षकाला की समोरच्याच्या डोळ्याला?

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. २० डिसेंबर २०१५ रोजी मडगावजवळच्या फातोर्डा मैदानावर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना झाला. एफसी गोवा शेवटच्या मिनिटांपर्यंत २-१ पुढे. मग काही क्षणांत दोन गोल, आणि चेन्नईयन ३-२नं विजेते. गोव्यात त्या रात्री लोक रडले असतील, आणि ते साहजिक होतं. पण सामन्यानंतर मैदानावर जी झटापट झाली ती प्रेक्षकांची नव्हती. चेन्नईयनचा ब्राझिलियन खेळाडू एलानो यानं आपल्याला मारल्याची तक्रार गोव्याच्या संघाच्या सहमालकानं केली, पोलिसांनी एलानोला अटक केली, मग जामीन झाला. पुढे लीगच्या समितीनं गोव्याच्या संघाला ११ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, अपिलात शिक्षा सौम्य झाली. कोण खरं, कोण खोटं या वादात मी जात नाही. माझा प्रश्न एवढाच की अंतिम सामन्याच्या शिटीनंतर मालक, खेळाडू, प्रशिक्षक, सगळे त्या हिरवळीवर एकत्र येतात तेव्हा त्यांच्यामध्ये दोन्ही बाजूंचं नसलेलं असं कोण उभं असतं? पोलिस येतात ते घडून गेल्यावर. त्याआधीच्या अर्ध्या मिनिटाचं काय?

काही जण म्हणतील, एवढी चिंता असेल तर कुंपणं घाला, जाळ्या लावा. हे ऐकलं की मला भीती वाटते, आणि त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

इंग्लंडमध्ये सत्तरच्या दशकात दंगेखोर प्रेक्षकांना आत येऊ द्यायचं नाही म्हणून गॅलरी आणि मैदान यांच्यामध्ये लोखंडी कुंपणं उभी राहिली. १५ एप्रिल १९८९ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा एफए कपचा उपांत्य सामना होता. एका बाजूच्या उभ्या गॅलरीत मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त माणसं शिरली, पुढची माणसं कुंपणावर चिरडली जाऊ लागली. जी जिवाच्या आकांतानं कुंपण चढून मैदानात यायला बघत होती, त्यांना सुरुवातीला पोलिसांनी परत आत ढकललं. कारण कडेला उभ्या असलेल्या माणसाला एकच गोष्ट शिकवलेली होती, आत येणारा प्रेक्षक म्हणजे हल्लेखोर. गुदमरणारा माणूस आणि दंगेखोर माणूस यांतला फरक ओळखायला कुणी शिकवलंच नव्हतं. ९७ माणसं गेली, त्यांतला शेवटचा माणूस २०२१मध्ये, ३२ वर्षांच्या अपंगत्वानंतर. १९९०च्या जानेवारीत लॉर्ड जस्टिस टेलर यांचा अंतिम अहवाल आला आणि इंग्लंडच्या मोठ्या मैदानांवरची ती कुंपणं उतरली.

कुंपण उतरलं, पण ते ज्यासाठी घातलं होतं ती गरज उरलीच. तिथं माणूस उभा करावा लागला. तोच हा स्टुअर्ड, भडक रंगाचं जाकीट घातलेला, ज्याला पहिला धडा दिला जातो की तुझं तोंड प्रेक्षकांकडे, तुझी पाठ खेळाकडे. माझ्या मामानं शाहू स्टेडियमवर सांगितलेलं तेच. पाठ खेळाकडे असण्यात दोन गोष्टी साधतात. चेंगराचेंगरी कुठे सुरू झाली, कुणाचा चेहरा पडला, कोण उडी मारण्याच्या बेतात आहे, हे त्याला दिसतं. आणि गोल झाला तर तो त्याला दिसत नाही. समोरच्या तोंडांवरून तो ओळखतो की काहीतरी झालं. त्या न बघण्यातूनच त्याचं तटस्थपण तयार होतं. डिसँड्रोनं स्मिथ आपटताना बघितला होता. पाठ करून उभ्या माणसाला फक्त दोन तापलेले खेळाडू दिसले असते.

कुंपण आणि बळ यांच्या भरवशावर राहिलं की काय होतं ते १ ऑक्टोबर २०२२ला इंडोनेशियात मलांग शहराजवळच्या कंजुरुहान स्टेडियमवर पुन्हा दिसलं. आरेमा संघ पर्सेबायाकडून ३-२ हरला, काही प्रेक्षक मैदानात उतरले. फिफाच्या सुरक्षा नियमांत मैदानाच्या कडेला अश्रुधूर बाळगायलाही मनाई आहे. तरी पोलिसांनी तो सोडला, गॅलरीच्या दिशेनंही सोडला. लोक दारांकडे धावले, अरुंद जिन्यांवर एकमेकांखाली सापडले. १३५ माणसं मेली, त्यांत लहान मुलं होती. पाहुण्या पर्सेबायाचे खेळाडू आणि प्रशिक्षक पोलिसांच्या चिलखती गाडीत बसवून सुखरूप बाहेर काढले गेले. त्यांना काढायलाच हवं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या रात्रीच्या बंदोबस्तात ज्यांना राखायचं ठरलं होतं ते सगळे वाचले, आणि ज्यांच्यापासून राखायचं असं ठरलं होतं ते मेले. प्रशिक्षकाच्या संरक्षणाचा विचार प्रेक्षकांच्या संरक्षणापासून तोडला की त्याचा शेवट असा होऊ शकतो. म्हणून प्रशिक्षकाला राखणारा वेगळा आणि पब्लिकला राखणारा वेगळा ही वाटणीच मला मान्य नाही. तो एकच माणूस असला पाहिजे.

हा माणूस आहे कोण? इंग्लंडमध्येही त्याची अवस्था फार बरी नाही. ११ जुलै २०२१च्या युरो अंतिम सामन्यात वेम्ब्लीवर सुमारे २ हजार माणसं तिकिटाशिवाय घुसली. बॅरोनेस केसी यांच्या चौकशीत दिसलं की कोविडनंतर अनुभवी स्टुअर्ड काम सोडून गेले होते, दारांवर बरेचसे नवखे, कोवळ्या वयाचे होते. त्यांना लोकांनी अक्षरशः तुडवलं. एका दिवसाच्या मजुरीवर आलेल्या पोराला हजारोंच्या लोंढ्यासमोर उभं करायचं आणि मग सुरक्षा अपुरी पडली म्हणायचं, हा अन्याय आहे.

आपल्याकडे हा माणूस कंत्राटदाराकडून येतो. सकाळी टेम्पोतून उतरतो, एक जाकीट मिळतं, बऱ्याचदा मापाचं नसतं. कुठे उभं राहायचं एवढं सांगितलं जातं, काय करायचं ते नाही. मोठे संघ आणि आयोजक याच्या जोडीला बाउन्सर आणतात. काळा टी-शर्ट, पिळदार दंड. बाउन्सर हा तर उघड उघड एका माणसाचा असतो, ज्यानं पैसे दिले त्याचा. आपल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये बाउन्सरची ही सवय रुजू नये असं मला मनापासून वाटतं. डिसँड्रो निदान चोवीस वर्षं त्या संघाबरोबर काढलेला अनुभवी माणूस होता, तरी त्याचा तोल गेला.

कायदे नाहीत असं नाही. २००५च्या खासगी सुरक्षा एजन्सींच्या केंद्रीय कायद्याखालच्या नमुना नियमांत रक्षकाला १०० तास वर्गातलं आणि ६० तास प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण सांगितलं आहे. महाराष्ट्रानं तर त्याच्या कितीतरी आधी, १९८१मध्ये, खासगी सुरक्षा रक्षकांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्यातून सुरक्षा रक्षक मंडळं आली. रक्षकाची नोंदणी मंडळाकडे, ज्याच्या गेटवर तो उभा राहतो त्या मालकानं पगार आणि वर लेव्ही, म्हणजे ठरावीक जादा रक्कम, मंडळाकडे भरायची, आणि रक्षकाला पगार मंडळानं द्यायचा. एजन्सींना सूट देण्याच्या तरतुदीमुळे या कायद्याला गळती लागली आहे हे खरं. तरी त्यामागची कल्पना मला आजही मोलाची वाटते. मामा मंडळाचा रक्षक होता. कारखान्याच्या मॅनेजरची गाडीसुद्धा तो डिकी उघडून तपासायचा आणि मॅनेजर मुकाट्यानं थांबायचा, कारण मामाची नोकरी त्याच्या मर्जीवर नव्हती. गेटवरच्या माणसाचं पोट ज्याच्या हातात, त्याला गेटवरचा माणूस अडवू शकत नाही. महाराष्ट्राच्या कामगार चळवळीनं हे चाळीस वर्षांपूर्वी ओळखलं होतं.

हीच कल्पना मैदानावर आणावी असं माझं म्हणणं आहे. रेषेच्या आतबाहेर उभा राहणारा प्रत्येक रक्षक लीगच्या किंवा मैदानाच्या नोंदणीवर असावा, सामन्यावर देखरेख करणाऱ्या मॅच कमिशनरला जबाबदार असावा. त्याचा मोबदला संघांनी एका सामायिक निधीत भरावा, हातात देऊ नये. अंगावर कुठल्याही संघाचा रंग नसावा. घरच्या प्रशिक्षकाला जेवढं कडं तेवढंच पाहुण्या प्रशिक्षकाला, तेवढंच पंचांना, आणि रेषेमागे बसलेल्या बॉलबॉयलाही. संघांचे स्वतःचे सुरक्षा अधिकारी बोगद्याच्या तोंडापाशी थांबावेत, तिथून पुढे त्यांचा अधिकार नसावा. या माणसांना गर्दी वाचायला शिकवावं, कुंपणावर चढणारा पळतोय की मारायला येतोय हे ओळखायला शिकवावं, आणि दिवसाच्या शेवटी त्यांनी जे पाहिलं ते पंचांच्या अहवालाइतक्याच गांभीर्यानं लिहून घ्यावं. यातलं काही खर्चिक आहे, मान्य. एका परदेशी खेळाडूच्या करारापुढे तो खर्च किती असेल याचा हिशेब कुठल्याही संघाच्या खजिनदाराला चांगला करता येईल.

एक अडचण मात्र मला प्रामाणिकपणे दिसते. लेननसारख्या माणसाला परक्या गावात परक्या रक्षकांच्या हाती सोपवायला भीती वाटेल, आणि वाटणारच. विश्वास हुकमानं येत नाही. त्यासाठी रक्षकांची तुकडी तीच तीच राहायला हवी, हंगामभर, वर्षानुवर्षं, म्हणजे पाहुण्या प्रशिक्षकालाही तो चेहरा ओळखीचा होईल. रोज नवा पोरगा पाठवणाऱ्या कंत्राटी पद्धतीत हे कधीच होणार नाही. म्हणून रक्षकाची पक्की नोकरी हा माझ्या लेखी कामगारांचा प्रश्न तर आहेच, तो प्रशिक्षकाच्या जिवाचाही प्रश्न आहे.

आणि एक नियम मला सगळ्यात आधी हवा आहे. रक्षकानं कुणालाही अडवलं, मग तो क्लबचा मालक असो, अध्यक्ष असो की मंत्री, तर त्या कारणावरून त्याला कामावरून काढता येणार नाही, हे लीगच्या नियमपुस्तकात लिहिलेलं असावं. अंकारात त्या रात्री कोजा मैदानाकडे निघाले तेव्हा वाटेत कडेला माणसं उभी होती. त्यांतल्या एखाद्यानं अध्यक्षांच्या दंडाला धरून त्यांना तिथंच थांबवलं असतं, तर मेलर यांच्या डोळ्याला इजा झाली नसती, सगळं चार पावलांत मिटलं असतं, आणि कुठे बातमीही आली नसती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो माणूस कामावर आला असता, तर क्लबनं त्याला आत घेतलं असतं का?